निळ्या डब्यांचे उत्तरायुष्य

बुटीबोरी स्थानकात बाजूच्या मार्गावर थांबलेली एक मालगाडी या लेखाला निमित्त झाली. तिला मालगाडी म्हणायचे ते केवळ ती माल वाहत होती म्हणून. तिच्या वाघिणी आमच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. छताची तीच गोलाई, तीच लांबी, दारालगत धरायचा तोच लोखंडी गज. फरक एवढाच की खिडक्यांच्या जागी पत्रे ठोकलेले होते, बाजूची दारे कायमची बंद केली होती आणि डब्यांच्या टोकांना मोठाले दरवाजे बसवले होते. एका डब्याच्या उन्हात विटलेल्या रंगाखालून जुना निळा रंग डोकावत होता. ज्या डब्यात एकेकाळी बहात्तर माणसांच्या निजण्याची सोय होती, त्यात आता नव्या मोटारी उभ्या होत्या. पलीकडच्या फलाटावर संध्याकाळची गर्दी होती: औद्योगिक वसाहतीतून सुटलेले कामगार, आमचे काही विद्यार्थी, आणि आम्ही.

आम्ही तिघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघे नागपूरहून येतात, एक सिंदीहून, बुटीबोरी मधोमध. खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी ही नावे त्याच क्रमाने आमच्या तोंडी बसलेली आहेत आणि अप-डाऊन करण्यात आमची निम्मी नोकरी गेली आहे. उत्तरपत्रिका आम्ही गाडीत तपासल्या, नवी पुस्तके गाडीत वाचली, आणि मर्ढेकरांवरून भांडलो तेही बहुधा गुमगाव यायच्या आत. तेव्हा रेल्वेविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार अभियंत्याचा नाही, पासधारकाचा आहे. तेवढा तो पुरेसा आहे असे आम्ही समजतो.

निवृत्त डबा पाहिला की साहित्याच्या माणसाचा हात आपसूक एका ठरावीक ललितलेखाकडे वळतो. त्यात आजोळी जाणारी गाडी असते, मातीच्या सुरईतले पाणी असते, डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण असतो आणि शेवटी 'ते दिवस' असतात. आम्हीही असे लेख लिहिले आहेत; एक तर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापूनही आला. आज मागे वळून पाहताना त्या लेखांतील एक गोष्ट आम्हांला खटकते. त्यांत खिडकी असते, पण खिडकीपर्यंत पोहोचू न शकलेला प्रवासी नसतो. असला तर 'गर्दी' या एका शब्दात तो उरकलेला असतो. २०२२ च्या जून महिन्यात डेक्कन क्वीनचे जुने डबे काढून तिला नवे डबे लावले गेले, तेव्हा जुन्या डब्यांना निरोप देणारे कितीतरी हळवे मजकूर आमच्या वाचनात आले. त्यात वावगे काही नाही. १९३० पासून धावणाऱ्या गाडीवर माणसांचा जीव जडणारच. पण वर्धा पॅसेंजरच्या डब्यांना कोणी असा निरोप दिल्याचे आम्हांला आठवत नाही. आमचा प्रश्न म्हणूनच आठवणींचा नाही. जुना डबा पुन्हा वापरायचा हे ठरल्यावर तो कोणासाठी वापरायचा, हे कोण ठरवते आणि कोणत्या क्रमाने ठरवते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

त्याआधी डब्याची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. मद्रासजवळच्या पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. डब्याची रचना श्लीरेन येथील स्विस कंपनीची होती. तोवर आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत लोखंडी सांगाड्यावर लाकडी खोली चढवलेली असे, आणि अपघातात ती खोली चिरडत असे. या नव्या डब्यात सांगाडा आणि भिंती मिळून पोलादाची एकच पेटी झाली. पुढची साठ वर्षे हाच डबा थोड्याफार फरकाने या देशात धावला. आधी तो विटकरी होता, नव्वदीच्या दशकात निळा झाला. आमच्या पिढीने डबा म्हणून जे काही पाहिले ते हेच. २००० सालच्या सुमारास जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले आणि हळूहळू तेच प्रमाण ठरले. पेरांबूरहून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा १९ जानेवारी २०१८ रोजी बाहेर पडला.

आता एक साधी बेरीज करू. या डब्याचे नेमून दिलेले आयुष्य पंचवीस वर्षांचे. म्हणजे २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडलेला डबा नियमानुसार २०४३ पर्यंत चालू शकतो. २०१० नंतरच्या दशकात बांधलेले डबे आज ऐन उमेदीत आहेत. परंतु धोरण असे ठरले आहे की सर्व गाड्यांना एलएचबी डबे लावायचे, आणि ते लवकरात लवकर. त्यामुळे वयोमान पूर्ण होण्याआधीच मोकळे होणारे डबे वाढत जाणार. त्यांचे काय करायचे?

याची जी उत्तरे आजवर दिली गेली आहेत ती आम्ही आमच्याच परिसरात पाहिली आहेत. पहिले उत्तर म्हणजे बुटीबोरीला उभी असलेली ती गाडी. प्रवासी सेवेत वीसेक वर्षे काढलेल्या डब्यातील बाके काढायची, खिडक्या बंद करायच्या, टोकांना दरवाजे लावायचे आणि त्यात मोटारी किंवा ट्रॅक्टर चढवायचे. रेल्वेच्या भाषेत याला एनएमजी म्हणतात. मराठीत मालडब्याला वाघीण म्हणण्याची जुनी चाल आहे. प्रवासी डब्याची वाघीण होणे हा एक प्रकारचा पुनर्जन्मच म्हणायचा. दुसरे उत्तर उपाहारगृहाचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात २०२१ मध्ये जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झाले, आणि पाठोपाठ नागपूर स्थानकाच्या आवारातही तसेच झाले. तिसरे उत्तर करोनाच्या काळातले. २०२० मध्ये देशभरात पाच हजारांवर जुने डबे रुग्णांच्या विलगीकरणासाठी तयार केले गेले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारला ते उभे राहिले, आणि नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोतही अकरा डब्यांची गाडी महापालिकेच्या हवाली झाली. मधला बर्थ काढलेला, एका शौचालयाचे स्नानगृह केलेले, उन्हाची तलखी कमी व्हावी म्हणून काही ठिकाणी छतावर गोणपाट आणि कुलर: त्या डब्यांची छायाचित्रे आम्ही तेव्हा घरात बसून पाहत होतो.

या तिन्ही उपयोगांना आमचा विरोध नाही. मोटारी रस्त्याऐवजी रुळांवरून गेल्या तर डिझेल वाचते. उपाहारगृहाने रेल्वेला भाडे मिळते. करोना डब्यांविषयी तर बोलायलाच नको. त्या दिवसांत रिकामी खाट ही काय वस्तू होती हे नागपुरात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पण या यादीत एक उपयोग शोधून पाहावा: प्रवाशाचा. डबा मोटारीसाठी चालतो, कटलेटसाठी चालतो, अडीनडीला रोग्यासाठीही चालतो. ज्याच्यासाठी तो मुळात बांधला त्या उभ्याने जाणाऱ्या माणसासाठी मात्र तो पाहता पाहता 'कालबाह्य' ठरतो. आमचे म्हणणे असे की क्रम उलटा हवा. आयुष्य शिल्लक असलेल्या डब्यावर पहिला हक्क अनारक्षित प्रवाशाचा. तो पुरा झाल्यावर मग मोटारी आणि मग कटलेट.

साहित्याच्या अभ्यासकाला हा मुद्दा अपरिचित नसावा. जुना आकृतिबंध पुन्हा वापरण्याचे दोन प्रकार आपण वर्गात नेहमी शिकवतो, त्यांची नावे वेगळी घेतो इतकेच. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्याचा जलसा केला. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. तिच्यात भटभिक्षुकी, सावकारी, शिक्षण हे विषय बसवले. पुढे आंबेडकरी जलशाने तेच आणखी नेटाने केले. सांगाडा जुना, प्रवासी मात्र तेच ज्यांना त्या काळच्या 'प्रतिष्ठित' रंगभूमीवर जागा नव्हती. दुसरा प्रकार म्हणजे वातानुकूलित सभागृहातला लावणी महोत्सव. तिथेही सांगाडा जुनाच असतो, कदाचित अधिक निगुतीने जपलेला असतो, पण फडावरचा प्रेक्षक तेवढा गळालेला असतो. आम्ही दुसऱ्या प्रकाराला नावे ठेवत नाही. कलावंतिणीला त्यातून चार पैसे मिळत असतील तर आम्ही कोण बोलणारे? पण दोन्हींना 'परंपरेचे जतन' हा एकच शब्द लावला की आमचे मन बिचकते. डब्यातले उपाहारगृह आणि डब्यातला प्रवासी यांना 'पुनर्वापर' हा एकच शब्द लावतानाही तसेच होते.

या विषयावर बोलताना आम्हांला राहून राहून एका प्राध्यापकाचे नाव आठवते. मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत, राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तिसरा वर्ग १९७४ मध्येच कागदावरून गेला होता. त्याचे नाव दुसरा वर्ग झाले होते, बाके मात्र लाकडाचीच राहिली होती. दंडवत्यांनी त्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. नवा डबा काढला नाही, परदेशी करार केला नाही. तेच पेरांबूरचे डबे, त्यांवर दोन इंच. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली तीही पहिल्या वर्गाविना. ती नागपूरवरून जाते, म्हणजे आमच्या बुटीबोरीवरूनही. थांबत नाही ती गोष्ट वेगळी. आज शयनयानात बसलेल्या कोणालाही ते दोन इंच जाणवत नाहीत, इतके ते स्वाभाविक झाले आहेत. जुन्या वस्तूचा पुनर्वापर याचा आमच्या दृष्टीने सर्वांत चांगला नमुना तो: जी वस्तू आहे तीच, पण तिच्यात सर्वांत शेवटच्या माणसाच्या पाठीचा विचार घातलेला. आणि हे करणारा माणूस पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता, वाङ्‌मयाचा नव्हता, याची आम्हांला थोडी लाजही वाटते.

इथे आमच्यातल्याच एकाने आम्हांला थांबवले. त्यांचा आक्षेप जसाच्या तसा मांडतो, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, 'तुम्ही गरिबाच्या नावाने गरिबाला जुना आणि कमी सुरक्षित डबा देता. चांगला डबा राजधानीला, उतरलेला डबा वर्ध्याला, हीच तर आजवरची रीत आहे. तुम्ही तिला तत्त्वज्ञान पुरवत आहात.'

सुरक्षिततेचा भाग आधी घेऊ. जुने डबे साखळीसारख्या स्क्रू कपलिंगने जोडलेले असतात आणि बाजूला बफर असतात. जोराचा धक्का बसला की एक डबा दुसऱ्यावर चढण्याचा धोका राहतो. एलएचबी डब्यांची मध्यवर्ती जोडणी हे चढणे रोखते. शिवाय त्यांचे डिस्क ब्रेक अधिक परिणामकारक आहेत. २० नोव्हेंबर २०१६ रोजी पुखरायांजवळ इंदूर–पाटणा एक्स्प्रेस रुळांवरून घसरली, सुमारे दीडशे माणसे गेली; तिचे डबे जुन्या पद्धतीचे होते. नव्या डब्यांकडे जाण्याची निकड त्यानंतर वाढली, आणि ती योग्यच होती. नवा डबा म्हणजे अभयदान नव्हे, हे २ जून २०२३ च्या बालासोरच्या अपघाताने दाखवले. तिथे कोरोमंडल एक्स्प्रेसला एलएचबी डबेच होते. तरीही ताशी एकशे तीस किलोमीटरने धावायच्या गाडीला जुना डबा नको, यावर आमच्यात दुमत नाही.

या बाबतीत इंग्लंडचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ झालेल्या टकरीत पस्तीस माणसे मेली. कारण सिग्नलच्या तारा जोडण्यातली चूक हे होते. पण 'मार्क १' या पन्नाशीच्या दशकातील रचनेच्या डब्यांच्या बांधणीविषयीचे प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आले. १९९९ मध्ये नियम झाला आणि २००५ पर्यंत असे डबे नियमित सेवेतून काढले गेले. म्हणजे जिथे सांगाडाच सदोष, तिथे पुनर्वापराचा हट्ट धरायचा नाही. पण त्याच देशात १९७० च्या दशकात आलेल्या 'मार्क ३' डब्यांची गोष्ट वेगळी झाली. त्यांचा सांगाडा मजबूत होता. हाताने उघडायची जुनी दारे काढून आपोआप सरकणारी दारे बसवली, आतली मांडणी नवी केली, आणि चिल्टर्न रेल्वेने ते लंडन–बर्मिंगहॅम मार्गावर इंजिन लावून दहा वर्षांहून अधिक काळ चालवले. तेही मुख्य गाड्यांना, दुय्यम म्हणून नव्हे. आम्हांला त्याहून जवळचे वाटते ते कम्ब्रियाच्या किनाऱ्यावरचे उदाहरण. तिथे सेलाफिल्ड हा अणुउद्योगाचा मोठा परिसर आहे आणि हजारो माणसे तिथे कामाला जातात. गाड्या कमी पडू लागल्या तेव्हा २०१५ ते २०१८ या काळात त्याहून जुन्या 'मार्क २' डब्यांच्या गाड्या जुन्या डिझेल इंजिनांमागे त्या मार्गावर चालवल्या गेल्या. हौशी लोक कॅमेरे घेऊन त्या पाहायला जात, हे खरे; पण रोजच्या प्रवाशाला त्यांतून जागा मिळत होती, हेही खरे. सेलाफिल्डच्या जागी बुटीबोरी ठेवून पाहावे.

सुरक्षितता म्हणजे वेग, अंतर आणि देखभाल यांचा हिशेब. नागपूर ते वर्धा ही गाडी आठ-दहा ठिकाणी थांबते. मधल्या अंतरात ती किती वेग घेणार? शिवाय जुन्या डब्याला मध्यवर्ती जोडणी लावता येत नाही असे नाही. काही गाड्यांना ती लावलेलीही आहे. जैवशौचालये तर या डब्यांना सरसकट बसवली गेली. या डब्याला गंज लागतो तो आधी शौचालयाखालच्या आणि दारालगतच्या पत्र्याला, हे कारखान्यातला कोणीही सांगेल. भोपाळजवळच्या निशातपुरा कारखान्यात बारा-तेरा वर्षांचे डबे नेऊन नेमके हेच पत्रे कापून बदलायचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. हात आहेत, हत्यारे आहेत, अनुभव आहे. तेच हात तोच डबा मोटारींसाठी कापू शकतात, तर माणसांसाठीही सांधू शकतात.

आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे उतरलेले कपडे गरिबाला देण्याचा, त्याचे उत्तर आमच्याजवळ इतके सोपे नाही. खरे तर आमचे सहकारी त्यात पुष्कळ अंशी बरोबर आहेत. आम्ही एवढेच म्हणू शकतो की वर्ध्याच्या प्रवाशासमोर नवा डबा की जुना डबा, अशी निवड क्वचितच असते. जुना डबा की दाराचा गज, अशीच ती असते.

मेमूचा मुद्दा राहिला. या पट्ट्यातील इंजिनाच्या पॅसेंजर गाड्यांची जागा आता मेमू घेत आहेत, आणि त्याचे आम्हांला दुःख नाही. मेमूची मोटर डब्याखालीच असते. ती चटकन वेग घेते, चटकन थांबते आणि शेवटच्या स्थानकात इंजिन या टोकाचे त्या टोकाला नेण्याची भानगड राहत नाही. नागपूर ते सेवाग्राम हा पट्टा तर मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही महामार्गांचा सामाईक. या रुळांवर एका गाडीसाठी वाट काढणे हीच मुळात कसरत. म्हणून तर तिसऱ्या-चौथ्या मार्गांचे काम काढावे लागले. अशा मार्गावर मेमू हीच शहाणपणाची गाडी. पण मेमूची एक अडचण आहे: तिचा संच ठरलेला असतो. आठ डब्यांची मेमू आठच डब्यांची. परीक्षा असो, पोळा असो की दिवाळी, तिला आणखी तीन डबे जोडावेत असे स्टेशनमास्तरांच्या मनात आले तरी जोडता येत नाहीत. इंजिनाने ओढायच्या गाडीचे तसे नाही. ती लागेल तेवढी वाढते. नवी वाट मागत नाही, नवी वेळ मागत नाही, फक्त फलाट लांब हवा. डब्यांच्या गाडीचे हे जुने सामर्थ्य आपण विसरत चाललो आहोत असे आम्हांला वाटते.

अर्थात निळा डबा एलएचबीच्या गाडीला सहजी जोडता येत नाही. दोघांची जोडणीच निराळी. म्हणून आमची मागणी सुट्या डब्यांची नाही, अख्ख्या गाडीची आहे. प्रत्येक विभागाने मोकळ्या होणाऱ्या डब्यांतले वयाने सर्वांत तरुण डबे निवडून दोन-चार पूर्ण गाड्या राखाव्यात, त्या निव्वळ अनारक्षित ठेवाव्यात, आणि दीड-दोनशे किलोमीटरच्या आतल्या गर्दीच्या वेळांसाठी व यात्रा-जत्रांसाठी त्यांचे आयुष्य संपेपर्यंत वापराव्यात. आमच्या भागापुरते बोलायचे तर कामावर जायच्या वेळेची एक आणि सुटायच्या वेळेची एक, वर्धा–नागपूर अशा दोन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. नागपूरभोवती ब्रॉडगेज मेट्रो धावणार असे आम्ही २०१८ पासून ऐकत आहोत, आणि नागपूरची मेट्रो खापरीपुढे बुटीबोरीपर्यंत आणण्याचे कामही निघाले आहे. ते सारे यावेच. पण मधल्या वर्षांत शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या काही थांबून राहत नाहीत.

पैशाचा मुद्दा काढला जाईल हे आम्ही जाणतो. अनारक्षित प्रवासी रेल्वेला परवडत नाही, मोटारीची वाहतूक परवडते. २०२० च्या मार्चमध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुढे त्या 'विशेष' म्हणून परतल्या तेव्हा किमान भाडे दहाचे तीस रुपये झालेले होते, आणि ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. आमच्या वर्गातल्या एका मुलीने त्या काळात आठवड्यातून तीनच दिवस यायचे ठरवले होते. तिने कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. हजेरीपटावर मात्र ते दिसत होते. रेल्वेने अलीकडे लांब पल्ल्याच्या गाड्यांना साधारण डबे पुन्हा वाढवून दिले, नवे बिनवातानुकूलित डबेही मोठ्या संख्येने बांधायला घेतले, याची नोंद घेतली पाहिजे. चूक उमगल्याचीच ती खूण. मग अशाच वेळी हातातले चालते डबे वाघिणी करण्याची घाई का, हे आम्हांला कळत नाही.

आमचे म्हणणे हवेतले नाही, याला वर्षातून एकदा आमच्याच फलाटावर पुरावा मिळतो. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी मध्य रेल्वे नागपूरहून मुंबईला दरवर्षी अनारक्षित विशेष गाड्या सोडते. अशा जादा गाड्यांना आजवर बहुधा हेच निळे डबे लागत आले आहेत. आषाढीला विदर्भातून पंढरीकडे जाणाऱ्या जादा गाड्यांचेही तेच. त्या दिवसांत कोणी म्हणत नाही की डबा कालबाह्य आहे. चैत्यभूमीला निघालेली माणसे त्यात दाटीवाटीने बसतात, मुलांना सामानाच्या फळीवर चढवतात, भाकरीची फडकी सोडतात, आणि डबा आठशेहून अधिक किलोमीटर जातो आणि परतही येतो. जो डबा दादरपर्यंत जाऊ शकतो, तो एरवी वर्षभर वर्ध्यापर्यंत का जाऊ नये?

डब्याचे वय ओळखणे सोपे आहे, हे आम्हांला एका जुन्या तिकीट तपासनिसांनी शिकवले. बाजूला रंगवलेल्या क्रमांकाचे पहिले दोन अंक म्हणजे त्याच्या जन्माचे साल. तेव्हापासून गाडी आली की आम्ही आधी अंक वाचतो. सवयच लागली आहे. पत्रे ठोकलेल्या त्या मोटारींच्या गाडीवरचे जुने क्रमांक पुसलेले होते. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र मुंबईकडे निघालेली जादा गाडी सिग्नलसाठी बुटीबोरीला हळू झाली. दारांत निळे झेंडे होते, आतून गाण्याचा आवाज येत होता. आम्ही फलाटाच्या कडेला उभे राहून अंक वाचत गेलो: ०४, ०७, ०७, १२. मधले काही माणसांच्या लोंबत्या पायांआड गेले. शेवटच्या डब्यावर १६ होते.